विमा नसलेले वाहन आणि अपघातग्रस्ताचा भरपाईचा हक्क : डहाणू व तलासरी तालुक्यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मोटार वाहनाचा विमा हा विषय सामान्यतः वाणिज्य किंवा विधी या विद्याशाखांच्या कक्षेतील मानला जातो. परंतु रस्त्यावर मरण पावलेल्या माणसाच्या कुटुंबाला भरपाई कोणी द्यावी, किती द्यावी आणि देणाराच निर्धन असेल तर काय करावे, हे प्रश्न केवळ कायद्याच्या कलमांचे नाहीत. समाजाने एखाद्या नव्या यंत्राची जोखीम कोणाच्या खांद्यावर टाकली, याचा तो इतिहास आहे. भारतात हा इतिहास १८५५ च्या एका छोट्या कायद्यापासून सुरू होतो आणि अद्याप संपलेला नाही.

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांतून मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग जातो. पूर्वी तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ८ म्हणून ओळखला जात असे. २०१० च्या पुनर्क्रमांकनानंतर तो क्रमांक ४८ झाला. कासा, चारोटी, दापचरी, तलासरी, आच्छाड ही या मार्गावरील गावे. देशातील अत्यंत वर्दळीच्या या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, काथोडी या समाजांची वस्ती आहे. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरी तालुक्यात दर दहा व्यक्तींपैकी सुमारे नऊ, तर डहाणू तालुक्यात सुमारे दोन-तृतीयांश लोक अनुसूचित जमातींचे आहेत. म्हणजे वाहन ज्यांच्या मालकीचे आहे ते आणि ज्यांच्या अंगावरून ते जाण्याची भीती आहे ते, असे दोन भिन्न समाजघटक या रस्त्यावर समोरासमोर येतात. त्यामुळे विमा नसलेल्या वाहनाचा प्रश्न येथे विशेष तीव्रतेने जाणवतो.

उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) सक्तीच्या मोटार विम्याची भारतातील वाटचाल कालक्रमाने मांडणे, (२) विमा नसलेल्या व अज्ञात वाहनाने केलेल्या अपघाताबाबत कायद्याने कोणती भूमिका घेतली, हे तपासणे, (३) ब्रिटन व अमेरिका येथील व्यवस्थांशी तिची तुलना करणे, आणि (४) डहाणू-तलासरी परिसरातील सामाजिक वास्तवाच्या प्रकाशात या व्यवस्थेची उणीव दाखवून वाहनमालक व पादचारी या दोघांच्या दृष्टीने उपायांचा विचार करणे. निबंधाची पद्धती ऐतिहासिक व विश्लेषणात्मक असून कायद्यातील तरतुदी, विधी आयोगाचे अहवाल आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल हा तिचा मुख्य आधार आहे.

भरपाईच्या हक्काचा आरंभ

इंग्रजी सामान्य कायद्यानुसार माणसाचा हक्क त्याच्याबरोबर संपत असे. जखमी मनुष्य दावा करू शके. परंतु तो मेला तर त्याच्या विधवेला वा मुलांना काही मागता येत नसे. भारतात १८५५ च्या प्राणघातक अपघात अधिनियमाने ही स्थिती बदलली आणि मृताची पत्नी, पती, आईवडील व मुले यांना दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागण्याचा अधिकार मिळाला. मात्र हा अधिकार मिळवण्यासाठी न्यायालय शुल्क भरावे लागे, वकील करावा लागे आणि समोरच्याची निष्काळजी साक्षीपुराव्याने सिद्ध करावी लागे. कारखान्यातील कामगारांसाठी १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा आला. पण रस्त्यावरून चालणाऱ्याला त्याचा उपयोग नव्हता.

१९१४ च्या भारतीय मोटार वाहन कायद्यात नोंदणी व परवाना यांचा विचार होता, विम्याची सक्ती नव्हती. इतरत्र मात्र हा प्रश्न पुढे आला होता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९२७ पासून विमा सक्तीचा केला. ब्रिटनने १९३० च्या रोड ट्रॅफिक कायद्याने तोच मार्ग स्वीकारला. या सक्तीमागील तर्क साधा होता. मोटारीचा मालक श्रीमंत असेलच असे नाही. म्हणून रस्त्यावर वाहन आणण्यापूर्वीच त्याने दुसऱ्याच्या जिवाची हमी देणारा कोणीतरी उभा केला पाहिजे. हा विमा मालकाच्या सोयीसाठी नसून त्रयस्थाच्या संरक्षणासाठी आहे, ही त्यातील मूळ कल्पना होय.

भारत सरकारने १९३६-३७ मध्ये या प्रश्नाच्या विचारासाठी मोटार वाहन विमा समिती नेमली. त्यानंतर झालेल्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या आठव्या प्रकरणात सक्तीच्या विम्याची तरतूद करण्यात आली. कलम ९४ नुसार त्रयस्थ पक्षाच्या जोखमीचा विमा उतरवल्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहन वापरण्यास मनाई झाली; कलम ९६ नुसार मालकाविरुद्ध झालेल्या हुकूमनाम्याची रक्कम विमा कंपनीने भरणे बंधनकारक ठरले. कायदा १९३९ मध्ये अमलात आला, तरी हे प्रकरण लगेच लागू झाले नाही. १ जुलै १९४६ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली.

१९४६ : दोन भिन्न वाटा

हे वर्ष प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे आहे. ब्रिटनमध्ये सक्तीचा विमा लागू होऊन पंधरा वर्षे झाली होती आणि त्या काळात एक गोष्ट स्पष्ट झाली होती. कायद्याने सक्ती केली तरी काही लोक विमा उतरवत नाहीत, काहींचा विमा तांत्रिक कारणाने निष्फळ ठरतो, आणि अशा वाहनाखाली सापडलेल्या माणसाच्या हाती काहीच पडत नाही. यावर उपाय म्हणून १९४६ मध्ये ब्रिटिश विमा कंपन्यांनी सरकारशी करार करून मोटर इन्शुरर्स ब्युरो ही संस्था स्थापन केली. विमा नसलेल्या वाहनाविरुद्धचा हुकूमनामा वसूल होत नसेल, तर सर्व कंपन्यांनी मिळून तो भागवावा, अशी ही व्यवस्था होती. प्रामाणिकपणे हप्ता भरणाऱ्या वाहनधारकांच्या पैशातूनच ती चालते. परंतु त्यामुळे अपघातग्रस्ताचे नशीब समोरच्या चालकाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून राहत नाही.

ज्या वर्षी ब्रिटनने सक्तीच्या विम्यातील ही फट बुजवली, त्याच वर्षी भारतात सक्तीचा विमा प्रथम लागू झाला. विम्याची सक्ती भारताने घेतली. सक्ती मोडणाऱ्यामुळे निर्माण होणाऱ्या संकटावरील उपाय मात्र घेतला नाही.

डहाणू परिसरासाठीही हे वर्ष संक्रमणाचे होते. मे १९४५ मध्ये झरी येथे झालेल्या सभेपासून गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगार व लग्नगडी या प्रथांविरुद्ध उठाव केला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड व अन्य चार जण ठार झाले. गवतकापणी आणि जंगलतोड यांच्या मजुरीसाठी संप झाले. जमीनदाराच्या व जंगल ठेकेदाराच्या कामात राबणाऱ्या माणसाच्या श्रमाला रोख मोल असले पाहिजे, ही मागणी या लढ्याने पुढे आणली. माणसाच्या जिवाचे मोल मागण्याचा कायदाही त्याच सुमारास देशात आला होता; परंतु न्यायालयाची पायरी चढण्यास लागणारी साधने नसलेल्यांच्या दृष्टीने तो बराच काळ कागदावरच राहिला.

न्यायाधिकरणे, राष्ट्रीयीकरण आणि सदोषतेचा प्रश्न

स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली. दिवाणी दाव्याऐवजी साधा अर्ज आणि सुटसुटीत चौकशी, असे त्यांचे स्वरूप ठरले. हा मोठा बदल होता. तरीही दोन मर्यादा राहिल्या. पहिली, विमा कंपनीची जबाबदारी ठरावीक रकमेपुरती होती. मालवाहू वाहनाच्या बाबतीत ती आरंभी २० हजार, १९६९ च्या दुरुस्तीनंतर ५० हजार आणि १९८२ नंतर दीड लाख रुपये होती. त्यावरची रक्कम मालकाकडून वसूल करावी लागे. दुसरी मर्यादा सदोषतेची. चालकाची चूक सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये मिनू मेहता विरुद्ध बाळकृष्ण नयन या प्रकरणात पुन्हा अधोरेखित केले.

दरम्यान सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा संस्थांचे एकत्रीकरण होऊन चार सरकारी कंपन्या अस्तित्वात आल्या. त्यांपैकी न्यू इंडिया अॅश्युरन्स ही दोराबजी टाटा यांनी १९१९ मध्ये मुंबईत स्थापन केलेली कंपनी होती. सर्व मोटार विमा सरकारच्या हाती असताना ब्रिटिश धर्तीची सामूहिक जबाबदारी स्वीकारणे प्रशासकीयदृष्ट्या सर्वांत सोपे होते. तसे झाले नाही.

विधी आयोगाने मात्र या दिशेने विचार केला होता. त्याचा ५१ वा अहवाल (१९७२) पळून गेलेल्या वाहनाने केलेल्या अपघातांच्या भरपाईविषयी होता. न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनीही सत्तरच्या दशकाअखेरच्या निकालांतून दोष सिद्ध न करता भरपाई देण्याची आणि गरीब दावेदारांवरील शुल्काचा बोजा दूर करण्याची निकड मांडली. त्याचे फलित म्हणजे १९८२ ची दुरुस्ती होय. १ ऑक्टोबर १९८२ पासून मृत्यूसाठी १५ हजार व कायम अपंगत्वासाठी साडेसात हजार रुपये दोष सिद्ध न करता मिळू लागले. त्याचबरोबर अज्ञात वाहनाने केलेल्या अपघातासाठी सोलेशियम फंड, म्हणजे सांत्वन निधी, निर्माण झाला. त्यातून मृत्यूबद्दल ५ हजार आणि गंभीर दुखापतीबद्दल १ हजार रुपये देण्याची तरतूद होती.

अज्ञात वाहन आणि ज्ञात पण विमाहीन वाहन

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने, जो १ जुलै १९८९ रोजी अमलात आला, त्रयस्थाच्या मृत्यू व दुखापतीबाबतची विमा कंपनीची रकमेची मर्यादा काढून टाकली. सांत्वन निधीची रक्कम मृत्यूसाठी साडेआठ हजार झाली; १९९४ च्या दुरुस्तीने ती २५ हजार केली; आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल २०२२ पासून ती २ लाख रुपये आहे. गंभीर दुखापतीसाठी आता ५० हजार रुपये मिळतात. या अर्जाची चौकशी प्रांताधिकारी किंवा तहसीलदार करतात आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात.

रकमा वाढत गेल्या, परंतु योजनेची चौकट तीच राहिली. वाहनाची ओळख पटली नाही तरच हा निधी उपलब्ध होतो. वाहनाचा क्रमांक मिळाला, चालक पकडला गेला, मालकाचे नाव कळले, मात्र विमा नसल्याचे निष्पन्न झाले, तर प्रकरण या निधीच्या कक्षेबाहेर जाते. मग न्यायाधिकरण मालकाविरुद्ध निवाडा देते. निवाड्यात काही लाखांचा आकडा असतो. त्याच्या वसुलीसाठी दरखास्त दाखल करावी लागते, मालकाची मालमत्ता शोधावी लागते आणि ती कर्जाच्या बोज्याखाली किंवा दुसऱ्याच्या नावावर असल्याचे आढळले की निवाडा कागदच राहतो. साक्षीदाराने पाहिलेल्या आणि पोलिसांनी शोधून काढलेल्या वाहनाचा बळी हा अशा रीतीने न सापडलेल्या वाहनाच्या बळीपेक्षाही दुर्दैवी ठरू शकतो. कायद्याच्या रचनेतील ही विसंगती चार दशकांहून अधिक काळ टिकून आहे.

ही बाब अपवादात्मक नाही. देशातील नोंदणीकृत वाहनांपैकी निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना असल्याचे संसदेपुढील माहितीतून समोर आले आहे आणि त्यांत दुचाकींचा वाटा मोठा आहे. नवे वाहन घेताना पहिल्या वर्षाचा विमा विक्रेत्याकडूनच उतरवला जातो. नंतर नूतनीकरण होत नाही. हे ध्यानात घेऊनच सर्वोच्च न्यायालयाने एस. राजशीकरन प्रकरणात २०१८ मध्ये दिलेल्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा त्रयस्थ विमा एकदम घेणे आवश्यक झाले. त्या मुदतीनंतरचा प्रश्न मात्र कायम आहे.

डहाणू-तलासरी : सीमा, स्थलांतर आणि रस्ता

या परिसराची भूराजकीय घडण अपघाताच्या दाव्यांवर परिणाम करणारी आहे. आजचा तलासरी तालुका पूर्वीच्या उंबरगाव तालुक्याचा भाग होता. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा उंबरगाव व त्यालगतची गावे गुजरातमध्ये गेली आणि तलासरीचा भाग महाराष्ट्रात राहिला. पूर्वेला दादरा-नगर हवेली, उत्तरेला वलसाड जिल्हा, जवळच दमण. एकाच बाजारहाटाचा, एकाच नातेसंबंधांचा प्रदेश अशा रीतीने तीन प्रशासनांत विभागला गेला. तलासरीचा मजूर उंबरगाव व वापीच्या औद्योगिक वसाहतींत जातो, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो, किनाऱ्यावरील तरुण गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातो. त्याला धडक देणारे वाहन कोणत्या राज्यातले असेल, याचा नेम नसतो.

१९९४ पर्यंत दावा अपघातस्थळाच्या न्यायाधिकरणातच दाखल करावा लागे. म्हणजे वापीजवळ मरण पावलेल्या मजुराच्या पत्नीला गुजरातमध्ये खेटे घालावे लागत. १९९४ च्या दुरुस्तीने दावेदाराच्या निवासस्थानाच्या न्यायाधिकरणातही अर्ज करण्याची मुभा दिली आणि दाव्यासाठीची मुदतही काढून टाकली. मुभा मिळाली तरी अंतर उरलेच. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत या तालुक्यांचे जिल्ह्याचे ठिकाण ठाणे होते आणि तलासरीपासून ते शंभर किलोमीटरहून दूर आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मात्र सहा महिन्यांची मुदत पुन्हा आणली. हंगामी स्थलांतरात अर्धे वर्ष गावाबाहेर असणाऱ्या कुटुंबासाठी सहा महिने हा अत्यल्प काळ होय.

पुराव्याची अडचणही येथे वेगळी आहे. ज्याच्याकडे पगारपत्रक नाही, ज्याची जमीन वनपट्ट्याची आहे, त्याचे उत्पन्न कसे दाखवावे? १९९४ च्या दुसऱ्या अनुसूचीत उत्पन्न नसलेल्यांसाठी वार्षिक १५ हजार रुपये हे काल्पनिक उत्पन्न धरले होते आणि ते वर्षानुवर्षे बदलले नाही. वारली समाजात लग्नाच्या खर्चाअभावी स्त्री-पुरुष आधी संसार थाटतात आणि धवलेरीच्या हातून विधिपूर्वक लग्न पुढे कधीतरी लावतात. अशा स्त्रीला मृताची पत्नी म्हणून कागद सादर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये गुजरात राज्य मार्ग परिवहन महामंडळ विरुद्ध रमणभाई प्रभातभाई या प्रकरणात कायदेशीर प्रतिनिधी या संज्ञेचा व्यापक अर्थ लावून भावांचाही दावा मान्य केला. हा उदार अर्थ तालुका पातळीवरील चौकशीतही पाळला जाणे आवश्यक आहे.

४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला आणि या महामार्गाची देशभर चर्चा झाली. मागील आसनावरील पट्टा, पुलाची रचना, वेग या गोष्टींवर पुष्कळ लिहिले गेले. त्याच रस्त्याच्या कडेने पाड्यावरून बाजाराला चालत जाणाऱ्या माणसाला संरक्षक पट्टा नसतो आणि स्वतःची विमा पॉलिसीही नसते. त्याच्या कुटुंबाची सुरक्षितता सर्वस्वी समोरच्या वाहनाच्या कागदपत्रांवर अवलंबून असते.

मालवाहू वाहनातील माणसे

विम्याचा कागद असूनही माणूस विमाहीन ठरण्याचा आणखी एक प्रकार या भागात महत्त्वाचा आहे. चैत्र पौर्णिमेपासून विवळवेढे येथे महालक्ष्मीची यात्रा भरते. लग्नसराई, आठवडे बाजार, वीटभट्टीचा हंगाम या सर्व प्रसंगी टेम्पो आणि ट्रकच्या हौद्यात बसून माणसे प्रवास करतात. एस.टी.ची फेरी नसेल तर दुसरा मार्ग नसतो.

अशा प्रवाशाची भरपाई विमा कंपनीने द्यावी काय, यावर सर्वोच्च न्यायालयाची भूमिका बदलत गेली. सत्पाल सिंग प्रकरणातील निकालाने कंपनी जबाबदार धरली गेली. परंतु आशा राणी प्रकरणात (२००३) मोठ्या पीठाने हे मत रद्द ठरवले. मालवाहू वाहनातून प्रवास करणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी विम्यात येतो. फुकट वा भाडे देऊन बसलेला अन्य प्रवासी येत नाही, असे निश्चित झाले. बलजित कौर प्रकरणातही (२००४) हेच तत्त्व कायम राहिले. मात्र कंपनीने आधी रक्कम भरावी व नंतर मालकाकडून वसूल करावी, असा तोडगा न्यायालयाने त्या प्रकरणात दिला. वाहनमालकाने कामावर ठेवलेला हमाल विम्याच्या कक्षेत येतो, पण त्याच हौद्यात बसलेली त्याची पत्नी येत नाही. कायद्याच्या दृष्टीने ही विभागणी तर्कशुद्ध असेल. वऱ्हाडाचा टेम्पो उलटल्यावर तिचे परिणाम भयंकर असतात.

मालकाच्या दृष्टीनेही हे जाणून घेणे अगत्याचे आहे. टेम्पोचा विमा आहे, म्हणून यात्रेला माणसे नेली तरी चालेल, हा समज चुकीचा आहे. त्याचप्रमाणे नाव न बदलता विकलेल्या दुचाकीची जबाबदारीही संपत नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार (२०१८) या निकालानुसार नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे तोच मालक मानला जातो. तीन हात फिरलेल्या आणि विमा संपलेल्या गाडीने अपघात केला, तर भरपाईचा निवाडा पहिल्या मालकाच्या शेतावर किंवा घरावर येऊ शकतो.

अलीकडील उपाययोजना आणि त्यांची मर्यादा

२०१९ च्या दुरुस्तीने विम्याविना वाहन चालवण्याचा दंड पहिल्या वेळी २ हजार व पुढील प्रत्येक वेळी ४ हजार रुपये केला. तीन महिन्यांपर्यंतच्या कारावासाची तरतूद कायम आहे. कलम १६४ नुसार दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. मात्र ही जबाबदारी वाहनमालकाची किंवा विमा कंपनीची आहे. कंपनीच नसेल तर प्रश्न पुन्हा मालकाच्या ऐपतीपाशी येतो.

उषा देवी प्रकरणात (२०१८) सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना महत्त्वाचा निर्देश दिला. अपघात केलेले विमाहीन वाहन पुरेशी हमी घेतल्याशिवाय मालकाला परत देऊ नये आणि हमी न दिल्यास तीन महिन्यांनंतर त्याचा लिलाव करून रक्कम न्यायाधिकरणात जमा करावी, असा त्याचा आशय आहे. उपाय योग्य आहे. परंतु अपघातात मोडलेल्या जुन्या दुचाकीचा लिलाव करून मिळणारी रक्कम आणि कमावत्या माणसाच्या मृत्यूची भरपाई यांत मेळ बसणे कठीण. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या विनारोकड उपचार योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत कमाल दीड लाख रुपयांचे उपचार मिळण्याची सोय आहे आणि वाहनाला विमा नसला तरी ती नाकारली जात नाही. उपचाराच्या बाबतीत राज्यसंस्थेने विमाहीन वाहनाच्या बळीची जबाबदारी प्रथमच स्वीकारली, हे तिचे ऐतिहासिक महत्त्व होय. मृत्यूच्या भरपाईबाबत तेच तत्त्व अद्याप स्वीकारले गेलेले नाही.

वाहनचालकाचे स्वतःचे संरक्षण

अमेरिकेने या प्रश्नावर तिसरा मार्ग काढला. समोरच्याकडे विमा नसेल तर स्वतःच्या कंपनीनेच आपली भरपाई द्यावी, अशी पुरवणी वाहनधारकाने घ्यावयाची. १९५७ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्याने प्रत्येक पॉलिसीत अशी तरतूद आवश्यक केली आणि पुढे बहुतेक राज्यांत ती पसरली. भारतात या स्वरूपाचे संरक्षण रूढ नाही. त्याच्या सर्वांत जवळचा पर्याय म्हणजे वैयक्तिक अपघात विमा. मालक-चालकासाठी तो सक्तीचा असून २०१८ पासून त्याची किमान रक्कम १५ लाख रुपये आहे. त्याआधी दुचाकीसाठी ती अवघी एक लाख रुपये होती. गाडीतील अन्य प्रवाशांसाठी जादा हप्ता भरून असे संरक्षण घेता येते. दुचाकीच्या मागे बसणाऱ्याला केवळ त्रयस्थ विम्याच्या पॉलिसीतून भरपाई मिळत नाही, असे टिळक सिंग प्रकरणात (२००६) ठरले आहे; म्हणून पत्नी वा मुलाला दररोज मागे बसवून नेणाऱ्याने ही पुरवणी घेणे गरजेचे आहे. त्याबरोबर वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा असेल, तर विमाहीन वाहनाने धडक दिली तरी दुरुस्तीचा खर्च आपल्या कंपनीकडून मिळतो.

थोडे जादा पैसे दुसऱ्याच्या बेपर्वाईपोटी आपण का भरावेत, असा आक्षेप यावर घेतला जातो. नैतिकदृष्ट्या तो रास्त आहे. परंतु ज्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या वाहनाला विमा असण्याची खात्री नाही, तेथे आपल्या कुटुंबाचे भवितव्य न्यायालयीन वसुलीवर सोडणे व्यवहार्य नाही. निवाडा मिळवणे आणि पैसे मिळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या इतिहासातून वारंवार दिसून येते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, भारतातील कायद्याने १९४६ पासून विम्याची सक्ती केली, परंतु सक्ती मोडणाऱ्या वाहनाच्या बळीसाठी ब्रिटनप्रमाणे सामूहिक हमी निर्माण केली नाही. दुसरा, १९८२ पासूनची मदत अज्ञात वाहनापुरती मर्यादित राहिल्याने ज्ञात पण विमाहीन वाहनाचा बळी दोन्ही व्यवस्थांच्या मध्ये सापडला. तिसरा, वैयक्तिक अपघात विम्यासारखे संरक्षण प्रत्येक वाहनचालकाने घ्यावे हे उचित आहे. मात्र ज्याच्याकडे वाहनच नाही, त्या पादचाऱ्याला अमेरिकन पद्धतीच्या या मार्गाचा लाभ होत नाही. तलासरीच्या रस्त्यावर चालणाऱ्या माणसाला पॉलिसी घ्या असे सांगणे म्हणजे यंत्राची जोखीम पुन्हा त्याच्याच माथी मारणे होय.

म्हणून सांत्वन निधीची, किंवा २०१९ च्या दुरुस्तीने निर्माण झालेल्या मोटार वाहन अपघात निधीची कक्षा विमाहीन वाहनांच्या बळींपर्यंत वाढवावी, निधीतून रक्कम आधी द्यावी आणि मालकाकडून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली शासनाने करावी, हा मार्ग अधिक न्याय्य ठरतो. बळीच्या विधवेपेक्षा तहसीलदाराला वसुली करणे निश्चितच सोपे आहे. तोपर्यंत सहा महिन्यांच्या मुदतीची माहिती ग्रामसभांतून देणे, अपघाताचा पंचनामा, प्रथम खबर अहवाल व वाहनाच्या विम्याचा तपशील कुटुंबाला वेळेत मिळवून देणे, ही कामे तालुका विधी सेवा समिती आणि परिसरातील महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना विभागांना करता येण्याजोगी आहेत. १९४५ मध्ये या भूमीतील माणसांनी आपल्या श्रमाचे मोल मागितले आणि ते मिळवले. रस्त्यावर गेलेल्या जिवाचे मोल समोरच्याच्या खिशावर अवलंबून राहू नये, ही मागणी त्याच न्यायबुद्धीतून येते.